सीआरपी नॉर्मल आहे मग पाठ का आखडते? अडॅलिमुमॅबचा डोस रक्ताच्या रिपोर्टवरून ठरवता येतो का?

कळवा_टू_महापे
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. वय ३६, राहायला कळवा, नोकरी महापेला, म्हणजे रोज ठाण्याला उतरून पूल चढून नऊ-दहा नंबरवर यायचं नि ट्रान्सहार्बर पकडायची. आजार अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात. त्याआधी चार वर्षं स्लिप डिस्क स्लिप डिस्क म्हणत पट्टा बांधून फिरलो, शेक घेतले, एका हाडवैद्याकडे पण जाऊन आलो, शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं की झोपून राहिल्यावर बरं वाटतं का हलल्यावर. म्हटलं हलल्यावर, पहाटे चारला तर पाठच उठवते मला. तिथून गाडी रुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताचे डॉक्टर) वळली, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जनुक) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांना सूज, सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, ४२.

दोन वर्षं झाली अडॅलिमुमॅब चालू आहे, ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शनचं पेन, दर १५ दिवसांनी मांडीत. खरं सांगतो माणसात आलो. सीआरपी ३.१, मग २.८. म्हणून डॉक्टर म्हणाले आता आजार झोपलाय, दोन डोसमधलं अंतर २१ दिवस करून बघू, खर्च पण वाचेल. मी तर खूशच.

आता तीन डोस झाले २१ दिवसांच्या अंतराने. होतं काय की पंधरा-सोळा दिवस मस्त जातात, सतराव्या दिवसापासून सकाळी मोजे घालता येत नाहीत. पाऊणेक तास पाठ लाकडासारखी. एकविसाव्या दिवशी सुई घेतली की दोन-तीन दिवसांत परत ठीक. आणि गंमत म्हणजे मागच्या आठवड्यात सोसायटीत तपासणीचा कॅम्प होता, तिथे सीआरपी केली तर ०.७ आली!! म्हणजे आधीपेक्षा पण कमी. क्लिनिकला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली रिपोर्ट नॉर्मल आहे, सरांनी सांगितलंय तसं चालू ठेवा, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात. बायको म्हणते रिपोर्ट झकास आहे, तू टेन्शन घेऊन घेऊन दुखवून घेतोयस.

प्रश्न एवढाच की दुखण्यावरच्या या अँटिबॉडी औषधांचा डोस किती नि किती दिवसांनी, हे सांगणारी एखादी रक्ततपासणी असते का? साखर बघून इन्सुलिन ठरवतात तसं काही? की सगळ्यांना सरसकट एकच? माझ्या वहिनीला मायग्रेनसाठी दर महिन्याला असलंच अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात, तिची तर एकदाही रक्ततपासणी झाली नाही त्यासाठी.

नौपाडा_जुना_माल
भावा २१ दिवस चालत नसेल तर १५ वर ये परत, त्यात काय एवढं. तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचे धंदे आहेत. आमच्या वेळी दुखतंय म्हटलं की डॉक्टर हात लावून बघायचे.

संधिवाताची_काकू
अरे कळवा, तुझ्या पाठीवर विश्वास ठेव आधी. मला रुमॅटॉइड आहे अठरा वर्षं, नेरुळला राहते. सीआरपीचं माझं एक सांगते, मग तुला कळेल नुसत्या आकड्यावर का जाऊ नये.

मला टोसिलिझुमॅब देतात, सलाईनमधून, महिन्यातून एकदा, वजनावर, किलोला आठ मिलिग्रॅम. तुझं ४० म्हणजे ४०, पन्नास किलोचा असो की नव्वदचा, माझं तसं नाही, प्रत्येक वेळी आधी काट्यावर उभं करतात आणि सिस्टरसमोर चप्पल काढू की नको यावर माझा वाद होतो. तर हे औषध आयएल-६ नावाचा जो निरोप्या असतो शरीरात त्याचीच वाट अडवतं. आणि सीआरपी लिव्हर तयार करतं ते त्याच आयएल-६ च्या निरोपावर. निरोपच पोचला नाही तर सीआरपी बनणार कुठून? त्यामुळे माझी सीआरपी कायम जवळजवळ शून्य. सांधे सुजलेले असोत नसोत. दोन वर्षांपूर्वी मला लघवीचं इन्फेक्शन झालं, हुडहुडी भरून आली, घरच्या डॉक्टरांनी सीआरपी केली, अगदीच कमी, म्हणाले व्हायरल असेल, पॅरासिटामॉल घ्या. नशीब की माझ्या रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, या औषधावर असताना सीआरपी तुम्हाला फसवेल, इन्फेक्शन असलं तरी वाढणार नाही, ताप आला की मला फोन. केला फोन. कल्चर केलं तेव्हा कळलं.

सांगायचं काय की तोच आकडा एका औषधावर खरं बोलतो आणि दुसऱ्यावर मुका होतो. तुझ्या औषधावर तो बोलतो, म्हणजे तुझं औषध टीएनएफ नावाचा सुजेचा दुसरा निरोप्या अडवतं, तो अडवला तरी सीआरपी वरखाली होऊ शकते, पण स्पॉन्डिलायटिसवाल्यांत कितीतरी जणांची आजार जोरात असताना सुद्धा नॉर्मलच असते असं ऐकलंय. तुझी ४२ होती म्हणजे तुझी बोलकी आहे.

(कोविडच्या वेळी २०२१ मध्ये हेच टोसिलिझुमॅब बाजारातून गायब झालं होतं, सगळं तिकडे वळलेलं, तेव्हा माझे दोन महिने कसे गेले ते मलाच माहीत. जाऊ दे, विषय तो नाही.)

रबाळे_एमफार्म
कळवा, एक काम कर. तो कॅम्पचा रिपोर्ट काढ आणि ०.७ च्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथे टाक. आणि शेजारच्या रकान्यात नॉर्मल किती ते पण. बाकी मोठं नंतर लिहितो, कंपनीच्या बसमध्ये आहे.

कळवा_टू_महापे
०.७ एमजी/डीएल. नॉर्मल १.० पर्यंत. का हो?

रबाळे_एमफार्म
आणि जुन्या लॅबचा ३.१ कशात?

कळवा_टू_महापे
थांबा बघतो… एमजी/एल. नॉर्मल ५ पर्यंत.

आईशप्पथ.

रबाळे_एमफार्म
हां. एक लिटर म्हणजे दहा डेसिलिटर. ०.७ ला दहाने गुण. तुझी सीआरपी ७ आहे. २.८ वरून ७. कमी नाही झाली, अडीच पट झालीये, आणि या दुसऱ्या लॅबची नॉर्मलची रेषाच १० ला असल्यामुळे आकडा ठळक पण नाही झाला, बाण पण नाही आला. बाण नाही म्हणून क्लिनिकमधली मुलगी नॉर्मल म्हणाली. तिचा दोष नाही म्हणणार मी, तिला फोनवर जेवढं वाचून दाखवलं तेवढंच तिने ऐकलं.

आता ७ म्हणजे आभाळ कोसळलं असं अजिबात नाही. सर्दी झाली, दाढ सुजली तरी एवढी येते. पण सतराव्या दिवसानंतरचं आखडणं आणि ही वाढ एका दिशेने बोट दाखवतायत. कॅम्प कितव्या दिवशी होता?

कळवा_टू_महापे
सुईच्या हिशेबाने एकोणिसावा दिवस. बायकोला आत्ताच दाखवलं, ती गप्प आहे. (मी पण फार बोललो नाही, उद्या डबा लागतो.)

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
मायग्रेनवाली मी पण आहे, तुझ्या वहिनीच्या वतीने मी लिहिते.

चौदा महिने झाले, एरेनुमॅब घेते. आमच्यात रक्त बघून डोस ठरवत नाहीत हे खरंय. ७० किंवा १४० मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा, वजन कितीही असो. दुसरं एक आहे गॅल्कानेझुमॅब, त्याचा पहिल्या महिन्यात २४० आणि मग दर महिन्याला १२०. फ्रेमानेझुमॅब महिन्याला २२५ किंवा तीन महिन्यांचं एकदम ६७५. म्हणजे साच्यातून काढलेले डोस आहेत सगळे.

मी पण न्यूरोला विचारलं होतं हेच, की हे ज्या सीजीआरपी नावाच्या प्रथिनाची वाट अडवतं ते रक्तात मोजून बघा ना माझं किती आहे. ते हसले नाहीत, नीट समजावलं, बरं वाटलं. म्हणाले मायग्रेनच्या अटॅकमध्ये सीजीआरपी वाढतं हे १९९० च्या सुमारास गोड्सबी आणि एडविन्सन यांनी दाखवलं, पण ते मानेतल्या मोठ्या शिरेतलं रक्त घेऊन, डोक्यातून थेट खाली येणारं. आता कोण रोज मानेत सुई घालून घेणार. आणि हा पदार्थ रक्तात काही मिनिटंच टिकतो, ट्यूब लॅबला पोचेपर्यंत तुटायला लागतो, म्हणून एका किटचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. संशोधनात मोजतात, डोस ठरवायला नाही वापरत.

मग काय वापरतात, तर डायरी. महिन्यातले मायग्रेनचे दिवस किती, गोळ्या किती लागल्या. माझे सतरा दिवस असायचे. फ्रिजवर दूधवाल्याचं कॅलेंडर आहे त्यावरच खुणा करते, दुधाचा खाडा निळ्या पेनाने आणि डोक्याचा लाल. पहिल्या महिन्यात सतराचे चौदा झाले, मी म्हटलं फुकट गेले पैसे, डॉक्टर म्हणाले तीन महिने तरी द्या त्याला. चौथ्या महिन्यात सात. निम्म्याहून कमी झाले म्हणजे लागू पडलं असं धरतात. आता वर्ष-दीड वर्षाने थांबवून बघायचं असतं म्हणे, युरोपातल्या हेडेक फेडरेशनच्या गाइडलाइनमध्ये बारा ते अठरा महिने दिलंय, परत वाढलं तर परत सुरू. ते थांबवणं सुद्धा कॅलेंडरवरच ठरणार. वहिनीला विचार, ती खुणा करते का. नुसतं "बरं आहे आता" म्हणून चालत नाही, आपल्याला मागचा महिना कसा गेला ते अजिबात आठवत नसतं.

हो, बद्धकोष्ठ होतं याने आणि बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, तेवढं मात्र त्यांनी तपासलं.

रबाळे_एमफार्म
आता निवांत आहे, लिहितो. मी फार्माकोलॉजीचा माणूस, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस बदलायचा की नाही ते तुझ्या रुमॅटॉलॉजिस्टकडेच. मी फक्त आत काय चालतं ते सांगतो.

गोळी घेतली की ती लिव्हरमध्ये तुटते नि किडनीतून जाते, काही तासांचा खेळ. अँटिबॉडी तशी जात नाही. ती आपल्याच रक्तातल्या अँटिबॉडीसारखी दिसते, म्हणून पेशी तिला गिळल्यावर सुद्धा पचवत नाहीत, एक खास रिसेप्टर तिला पकडून परत रक्तात सोडून देतो, बाटल्या धुऊन परत भरतात तसं. म्हणून आठवडेच्या आठवडे टिकते. अडॅलिमुमॅब निम्मं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, घोडबंदर ताईंच्या एरेनुमॅबला साधारण चार.

आता हिशेब बघ, मजेशीर आहे. दर १४ दिवसांनी सुई घेतोस तेव्हा पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी रक्तात जेवढं औषध उरलेलं असतं ना, ते अंतर २१ केल्यावर जवळजवळ निम्मं होतं. दिवस दीडपट वाढवलेस पण तळ अर्ध्यावर आला. म्हणजे आधी तुझा तळ दहा असेल तर साडेपाच होईल, तुला कळणार पण नाही. आधीच पाच असेल तर अडीच-पावणेतीन, आणि मग सतराव्या दिवशी मोजे घालता येणार नाहीत. दोघांची सीआरपी आधी सारखीच २.८ असू शकते! सीआरपी सांगते आग विझलीये, टाकीत पाणी किती शिल्लक आहे ते सांगत नाही. अंतर वाढवायचं की नाही हे ठरवायला टाकी बघावी लागते.

ती टाकी मोजता येते. ड्रग लेव्हल म्हणतात, त्यातली ट्रफ लेव्हल, म्हणजे पुढच्या सुईच्या अगदी आधीची. नेदरलँड्समध्ये बरोब्बर हाच प्रयोग झालाय, २०१८ ला छापून आला, रुमॅटॉइडचे पन्नासेक पेशंट ज्यांची अडॅलिमुमॅबची लेव्हल ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर होती त्यांच्यातल्या निम्म्यांचं अंतर दोनचं तीन आठवडे केलं, आणि २८ आठवड्यांनी त्यांचा आजार बाकीच्यांपेक्षा वाढलेला नव्हता. लक्षात घे, आधी लेव्हल बघून ज्यांच्याकडे जास्तीचं होतं त्यांचंच लांबवलं. सरसकट नाही. रुमॅटॉइडमध्ये ५ ते ८ च्या दरम्यान पुरेसं धरतात, स्पॉन्डिलायटिसमध्ये एवढी पक्की रेषा नाही, पण वर आहे का खाली हे तरी कळतं.

त्याच सॅम्पलवर दुसरी तपासणी पण होते, औषधाविरुद्धच्या अँटिबॉडीची. हो, अँटिबॉडीविरुद्ध अँटिबॉडी, शरीर या औषधाला परकं समजून त्यालाच पकडायला लागतं. अडॅलिमुमॅबवरच्या २७२ रुमॅटॉइडच्या पेशंटना तीन वर्षं बघितलं होतं एका अभ्यासात, २८ टक्क्यांमध्ये तयार झाल्या, त्यातल्या बहुतेकांच्या पहिल्या सहा-सात महिन्यांतच. मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं जुनं औषध) सोबत घेणाऱ्यांत कमी होतात, म्हणून काकूंसारख्या रुमॅटॉइडवाल्यांना बरेचदा सोबत देतात. आता या दोन आकड्यांवरून पुढचं ठरतं. लेव्हल कमी आणि अँटिबॉडी नाहीत, तर टाकी लहान पडतेय, अंतर कमी करा. लेव्हल कमी आणि अँटिबॉडी भरपूर, तर कितीही ओता, गळकी बादली, दुसरं औषध बघावं लागतं. आणि लेव्हल मस्त असून दुखतंय तर जास्त ओतून उपयोग नाही, एकतर तुझा आजार टीएनएफच्या वाटेने चालत नाही किंवा ते दुखणं सुजेचं नाहीच, स्नायूंचं आहे, झोपेचं आहे, दिवसभर खुर्चीत बसण्याचं आहे. हा तिसरा प्रकार लोक विसरतात.

एचएलए-बी२७ परत करायच्या भानगडीत पडू नकोस, तो जन्मभर तसाच राहतो, डोसबद्दल काही सांगत नाही. दर वर्षी करवून घेणारे बघितलेत मी.

नौपाडा_जुना_माल
म्हणजे शेवटी लॅबचा धंदाच की. बरं मला सांगा, या लेव्हली बघून कोणाचं खरंच भलं झालंय का, की कागदावरच?

रबाळे_एमफार्म
काका, प्रश्न वाकडा विचारलात पण रास्त आहे. नॉर्वेत दोन ट्रायल झाल्या, नॉर-ड्रम ए आणि बी, दोन्ही २०२१ मध्ये छापल्या, औषध इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे अडॅलिमुमॅबचा चुलतभाऊ. पहिल्यात नवीन पेशंट घेतले, लेव्हल बघून डोस बदलत गेले, आणि ३० आठवड्यांनी काहीही फरक नाही, आजार शांत झाला लेव्हल बघणाऱ्यांत ५०.५ टक्के जणांचा विरुद्ध न बघणाऱ्यांत ५३ टक्के, लेव्हल न बघणारेच दोन पावलं पुढे. तुमच्या बाजूचा आकडा. दुसऱ्यात ज्यांचं औषध आधीपासून चालू आहे नि लागू पडलंय असे ४५८ पेशंट, वर्षभर. तिथे आजार ताब्यात राहिला लेव्हल बघणाऱ्यांत ७३.६ टक्के जणांचा आणि न बघणाऱ्यांत ५५.९. म्हणजे सुरुवातीला उपयोग नाही, चालू असलेलं टिकवायला आहे. कळवाचा मामला दुसऱ्या प्रकारातला. फक्त ते सगळं इन्फ्लिक्सिमॅबवर झालं, अडॅलिमुमॅबला जसंच्या तसं चिकटवू नये.

नौपाडा_जुना_माल
५०.५ आणि ५३. बघा, हात लावून बघणारेच पुढे. बाकीचं मान्य.

वाशी_सेक्टर_नऊ
एमफार्म, तुम्ही टॅनेझुमॅबबद्दल लिहा ना. माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मी पाच-सहा वर्षांपूर्वी खूप वाचलं होतं, निव्वळ दुखण्यावरची अँटिबॉडी येणार येणार म्हणून, आणि मग एकदम सगळं थंड. आईने शेवटी गुडघे बदलून घेतले.

रबाळे_एमफार्म
ती दुखरी नस आहे आमच्या क्षेत्राची. सूज बिज नाही, थेट दुखण्याच्या नसांना चेतवणारा एनजीएफ नावाचा घटक पकडायचा, अशी ती कल्पना. आणि चालली, गुडघेदुखी खरंच कमी झाली. पण काही जणांचे सांधे झपाट्याने झिजायला लागले, इतके की बदलायची वेळ आली. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ट्रायल थांबवल्या. नंतर डोस खाली आणून, नेहमीच्या पेनकिलर सोबत घेऊ नका अशा अटी घालून परत सुरू केल्या, कारण डोस जास्त आणि सोबत ब्रुफेनसारखी गोळी असेल तर धोका वाढत होता. सुरू करण्याआधी एक्स-रे काढून ज्यांचे सांधे धोक्याचे वाटतात त्यांना बाजूला काढायचे, मध्ये मध्ये परत काढायचे. तरी चाळणीतून सुटून काही जणांना झालंच. मार्च २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मत दिलं की या अटींनी धोका आवरत नाही, ऑक्टोबरमध्ये फायझरने काम बंद केलं.

कोणाचा सांधा झिजणार हे आधी सांगणारी एक जरी साधी रक्ततपासणी हाताशी असती तर कदाचित ते औषध आज ठरावीक लोकांना मिळालं असतं, असं माझं मत. एक्स-रे मध्ये दिसतं तेव्हा झिजून झालेलं असतं. गंमत अशी की त्याच जातीची अँटिबॉडी कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीला तिकडे मंजूर आहे. माणसांसाठी नाही.

संधिवाताची_काकू
बापरे. मी तर पेनकिलर बडीशेपेसारखी खाल्लीये पूर्वी.

कळवा, डॉक्टरांकडे जाशील तेव्हा नुसतं दुखतंय म्हणू नकोस. तुमच्या आजारात एक एएसडीएएस म्हणून स्कोअर असतो, माझ्या भाच्याला तुझंच दुखणं आहे म्हणून माहीत. पाठदुखी, सकाळचं आखडणं किती वेळ, बाकीच्या सांध्यांचं दुखणं-सूज, एकंदर कसं वाटतंय आणि त्यात सीआरपी घालून एकच आकडा काढतात. १.३ च्या खाली असेल तर आजार झोपलेला, २.१ च्या वर गेला तर जागा. तुझी जीभ पण त्यात आहे आणि रक्त पण. मात्र त्यात सीआरपी एमजी पर लिटरमध्येच घालायची, नाहीतर परत तुझा ०.७ चा पचका.

कळवा_टू_महापे
काकू तो ०.७ आता मरेपर्यंत लक्षात राहणार.

अपडेट देतो. डॉक्टरांना मेसेज केला दोन्ही रिपोर्टचे फोटो टाकून, युनिटला लाल गोल करून. पंधरा मिनिटांत स्वतः फोन आला त्यांचा. म्हणाले बरं झालं सांगितलं, मला फक्त "नॉर्मल" एवढंच कळवलं होतं. स्कोअर फोनवरच काढला, सुईच्या आधीच्या दिवसांचा २.४ आला. आता पुढच्या डोसच्या आधी ड्रग लेव्हल आणि त्या अँटिबॉडी करायच्या, सीआरपी त्याच जुन्या लॅबमध्ये, आणि आकडे आल्यावर अंतर ठरवू म्हणाले. मी विचारलं सरळ १५ वर येऊ का, तर म्हणाले या वेळी एकवीसच राहू दे, तळ मोजायचाय ना आपल्याला.

आता माझा पराक्रम ऐका. रविवार होता एकविसावा दिवस. घरी सॅम्पल घ्यायला लॅबचा मुलगा सकाळी साडेसातला येणार होता, नऊ वाजले तरी पत्ता नाही. मी वैतागून, पाठ धरलेली, पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेलंच होतं, टोचून घेतलं. साडेनऊला बेल. पोरगा म्हणतो सॉरी सर, विटाव्याला पाणी साचलंय. हात पुढे केला आणि तेवढ्यात आठवलं की सुईच्या आधी द्यायचं होतं. तसंच दिलं तर चालेल का, अर्धाच तास तर झालाय?

रबाळे_एमफार्म
अर्ध्या तासात कातडीखालून फारसं चढत नाही, या औषधाला शिखर गाठायला पाचेक दिवस लागतात, त्यामुळे तसा फार घोटाळा झाला नसता. पण नियम म्हणजे नियम, आधीच. रिपोर्टवर वेळ लिहिलेली असते, वाचणाऱ्याला शंका यायला नको. दिलंस का मग?

कळवा_टू_महापे
नाही ना. पोराला परत पाठवलं, चहा पाजून. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पुढच्या वेळी.

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
अजून तीन आठवडे थांबणार म्हणजे? सतराव्या दिवसापासून काय करणार तू?

कळवा_टू_महापे
विचारलं तेच. ते चार-पाच दिवस रात्री जेवणानंतर घ्यायला गोळी लिहून दिलीये आणि सकाळचे व्यायाम चुकवायचे नाहीत. आणि मी पण आता तुमच्यासारखं कॅलेंडरवर लिहायला लागलोय, सकाळी किती मिनिटं आखडली. आज सहावा दिवस, ५ मिनिटं. काल १०, पण काल ऐरोलीला गाडी थांबून राहिली नि घणसोलीपर्यंत उभा होतो, ते त्यात धरायचं की नाही माहीत नाही.

संधिवाताची_काकू
धर. पण बाजूला लिही गाडी थांबली होती म्हणून. आणि पेनचं एक सांग, लाइट गेल्यावर काय करतोस? आमच्याकडे एकीचं औषध फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलं होतं, तिला कळलंच नाही, दोन डोस तसेच घेतले. लेव्हल कमी आली तर आधी ते पण आठवायचं.

कळवा_टू_महापे
मधल्या कप्प्यात डब्यात ठेवतो काकू, दोन ते आठ डिग्री. गोठलेलं नाही कधी. लाइट गेली तर दार उघडायचं नाही असा घरात कायदा आहे, मुलगी पाळत नाही.

रबाळे_एमफार्म
आकडे आले की टाक इथे. युनिटसकट.

कळवा_टू_महापे
टाकतो. त्या मुलाला आता सकाळी साडेसहाला बोलावलंय, ऑफिस बुडालं तरी चालेल. आणि बायकोने पेनच्या डब्यावर चिकटपट्टी लावून मार्करने लिहून ठेवलंय, "रक्त दिल्याशिवाय हात लावू नये". खाली सही पण केलीये.